कंपाउंडरकाकूंची ओपीडी

"ऐकलंस का? आपल्या बाई सेक्रेटरी झाल्या!"

काकूंच्या तोंडी 'आपल्या बाई' म्हणजे पेठेतल्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई, आणि सेक्रेटरी कशाच्या, तर तालुक्यातल्या डॉक्टरांच्या असोसिएशनच्या. आमच्या सासवडात डॉक्टर मंडळींचं काही झालं की ते आधी काकूंना कळतं आणि मग सावकाश बाकीच्या डॉक्टरांना. त्याला कारणही तसंच आहे. काकूंचे यजमान, आमचे नाना, जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवून 'एक खूण सकाळी, एक खूण रात्री' असं सांगणाऱ्या पिढीतले. तो दवाखाना कधीच बंद झाला, पण काकूंची ओपीडी तारेच्या कुंपणाशी अजून चालू आहे. वेळ सकाळची, धुणं वाळत घालायची. फी नाही, मात्र केस पेपर पूर्ण ऐकल्याशिवाय सुटका नाही.

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"कसलं डोंबलाचं चांगलं? अगं, अध्यक्षाला हार आणि सेक्रेटरीला भार! अध्यक्ष एक जुलैला स्टेजवर बसून शाल घेणार. हॉल कुणी बघायचा? सेक्रेटरीनं. वर्गणी कुणी मागायची? सेक्रेटरीनं. पुण्याहून लेक्चरला येणाऱ्या मोठ्या डॉक्टरची गाडी दिवे घाटात अडकली, तर तोवर मंडळींना चहा पाजत कुणी बसवून ठेवायचं? सेक्रेटरीनंच. आणि मधेच फोन येतो, पेशंटला कळा सुरू झाल्यात. मग चहाची किटली शेजारच्या डॉक्टरच्या हातात देऊन बाई पळतात."

"लेक्चरला म्हणजे सीएमई ना?"

"तेच ते. हे म्हणतात, जेवायला जातात सगळे."

"जेवतातही. पण नाना अर्धंच सांगतात. काकू, डॉक्टरांना रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट मागतं, आणि ते असल्या लेक्चरांना बसूनच मिळवायचे. नवीन औषध काय आलं, जुनं कुठलं आता देऊ नये, हे सगळं तिथंच कळतं."

"म्हणजे डॉक्टरांनाही हजेरी आहे म्हण की!" काकूंना हे फारच आवडलं. "बरं झालं. आमचे डॉक्टर रोज रात्री दवाखाना मिटला की एक जाड पुस्तक उघडायचे. हे म्हणायचे, एवढे शिकलेत तरी अजून अभ्यास कसला करतात?"

काकूंच्या गोष्टीत जुने डॉक्टर आले की विषय लांबणार हे ठरलेलंच. म्हणून मी पुन्हा बाईंकडे वळवलं. एवढ्या व्यापात बाईंनी हे लोढणं गळ्यात का घेतलं असेल?

"प्रॅक्टिस वाढायला," काकू चटकन म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे असं मेडिकलवाला म्हणत होता. मी नाही म्हणत."

मेडिकलवाल्याचं सगळंच खोटं असतं असं नाही. बाई आणि त्यांचे यजमान गावात आले तेव्हा दोघांना कुणी ओळखत नव्हतं. त्या बाळंतपणाच्या, ते लहान मुलांचे, म्हणजे जोडी जमलेली. खाली हॉस्पिटल, वर घर, आणि दोन्हींवर बँकेचं कर्ज. आमच्याकडे बायका बाळंतपणाला माहेरच्या ओळखीनं जायच्या. नव्या डॉक्टरच्या दारातून पाटी वाचून पुढं निघायच्या. त्या सुमारालाच पल्स पोलिओ सुरू झालं होतं, 1995 साली. आमच्या शाळेत बूथ असायचा. रविवारी आम्ही शिक्षक, अंगणवाडीच्या ताई आणि आरोग्य खात्याची माणसं हजर. एका रविवारी बाई आपणहून आल्या आणि आमच्याबरोबर बाकावर बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पगार नव्हता, बॅनरवर नाव नव्हतं. पोराच्या तोंडात दोन थेंब टाकायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची, आणि आईला जाता जाता विचारायचं, तुझं अंग का गं एवढं पांढरं पडलंय?

"मग त्या बायका सोमवारी दवाखान्यात गेल्या," काकू म्हणाल्या.

"गेल्या ना. आणि त्यात वाईट काय काकू? बाईंचं नाव त्या बाकावर झालं, हे खरंच आहे. पण आपल्या गल्लीतल्या पोरांना थेंबही त्याच बाकावर मिळाले. देशातला पोलिओचा शेवटचा पेशंट जानेवारी 2011 मधला, हावड्याकडची एक लहान मुलगी. 2014 च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दाखला दिला. तो दाखला दिल्लीत दिला असला, तरी थेंब असल्या बाकांवरच पडलेत."

"तुझी ड्युटी असायची म्हणून तुला सगळं पाठ," काकू म्हणाल्या. "पण मला सांग, भाचीचं काय ठरलं?"

भाचीचं हे प्रकरण काकूंनी दत्तकच घेतलंय. माझ्या भावाची मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. आता बाँडचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढतेय. भावाला वाटतं, तिनं लगेच पुढच्या परीक्षेला बसावं, मोठ्या शहरात मोठं काहीतरी व्हावं. भाची म्हणते, बघू.

"बघू काय? वर्षं किती झाली तिची?"

मी बोटांवर मोजून दाखवलं. साडेचार वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, एक वर्ष बाँड. बाँड चुकवला तर दहा लाख दंड. पुढं एमडी किंवा एमएस केलं तर तीन वर्षं. त्यातही एखादाच अवयव घेऊन सुपर स्पेशालिस्ट व्हायचं तर आणखी तीन. प्रवेश परीक्षेत नंबर नाही लागला तर घरी बसून अभ्यासाचं वर्ष वेगळंच.

काकूंनी हिशेब केला. "अगं, एक तप झालं की! वर सहा महिने उरले. विश्वामित्राला तरी एवढ्यात काहीतरी मिळालं असतं."

"म्हणून तर भाऊ म्हणतो, एवढं शिकून खेड्यात कशाला पडायचं? लहान गावात नाव होत नाही."

"आमच्या डॉक्टरांचा मुलगाही हेच म्हणाला. आता पुण्यात हृदयाचा डॉक्टर आहे, मोठा माणूस. बापाच्या दवाखान्याच्या जागेत मोबाईलचं दुकान आहे. हे तिथून जाताना दुसरीकडं बघतात."

यावर मला महाडची गोष्ट सांगावीच लागली. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले, घरची गरिबी. 1976 च्या सुमाराला ते महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात गेले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची. दवाखान्यात पोचलेल्या गंभीर पेशंटांतले शंभरातले चाळीसएक दगावायचे. हा तरुण डॉक्टर रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं वहीत टिपत राहिला. विषानं हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी ओळखलं आणि प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली. ही गोळी तेव्हा रक्तदाबासाठी असायची. त्यांचं लिखाण लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढं ही गोळी सगळीकडं वापरली जाऊ लागली आणि मरणाचं प्रमाण शंभरात एकावर आलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. महाड काही लंडन नाही, सासवडएवढंच गाव.

"विंचवावर पद्मश्री!" काकू म्हणाल्या. "आणि आपण विंचू चावला की चपलेनं मारून मोकळे. पण मला सांग, त्यांना वही भरायचे पैसे कोण देत होतं?"

"कुणीच नाही. पगार पेशंट बघण्याचा. वही स्वतःची."

"मग तेही सेक्रेटरीसारखंच झालं," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोडा वेळ गप्प राहिल्या. तेवढ्यात त्यांनी दोन चादरी पिळून टाकल्या.

मग आवाज खाली गेला. काकूंचा आवाज खाली गेला की समजावं, आता कटाची गोष्ट येणार. कट म्हणजे कारस्थान नव्हे, पण फार लांबही नाही. डॉक्टरनं पेशंट तपासणीला पाठवायचा आणि तपासणीवाल्यानं महिन्याच्या शेवटी पाकीट पाठवायचं. पेशंटच्या बिलात ते पाकीट आधीच घातलेलं असतं.

"सगळे घेतात म्हणे," काकू कुजबुजल्या.

"सगळे नाही. त्याच बावस्करांना एका तपासणी केंद्राकडून बाराशे रुपयांचा चेक आला होता, पेशंट पाठवल्याबद्दल. 2013 ची गोष्ट. त्यांनी चेक परत केला आणि वर मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली."

"बाराशे रुपयांसाठी?"

"बाराशेसाठी कशाला? आज बाराशे घेतले की उद्या ज्याला तपासणीची गरज नाही त्यालाही पाठवावंसं वाटतं, म्हणून. आणि आपल्याच बिरादरीविरुद्ध तक्रार करायची म्हणजे काय, हे तुम्ही नानांना विचारा. त्या दिवसापासून किती जणांनी नमस्कार करायचा सोडला असेल?"

काकू हातातला चिमटा तसाच धरून उभ्या राहिल्या. "अगं बाई! आमच्या डॉक्टरांकडं दिवाळीला मिठाईचे एवढाले डबे यायचे. डॉक्टर हात लावायचे नाहीत, यांना म्हणायचे, घरी घेऊन जा. आम्ही पोरांना काजूकतली खायला घालायचो. तो कट होता होय!"

"असेलही, नसेलही."

"असला तरी आता पचला," काकूंनी निकाल दिला.

इतक्यात समोरच्या घरातल्या वहिनी दूध घेऊन चालल्या होत्या, त्याही थांबल्या. त्यांच्याकडं ताजी बातमी होती. डॉक्टरांच्या ग्रुपवर म्हणे भांडण झालंय. एका बाजूला एमडी, एमएस मंडळी, दुसऱ्या बाजूला होमिओपॅथीवाले. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सीसीएमपी नावाचा एक वर्षाचा कोर्स केला की त्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहायला मिळावीत की नाही, यावरून राज्यभर रण माजलं. 2025 च्या सप्टेंबरात आयएमएनं एक दिवसाचा बंदही पुकारला.

"बंद होता तेव्हा मला आठवतंय," काकू म्हणाल्या. "माझी शुगर बघायची होती. आणि बंद कुणाचा, तर जो रविवारी रात्री दार उघडतो त्याच्याच विरुद्ध! आपले चौकातले होमिओपॅथी डॉक्टर गं. त्या पेठेतल्या एमडीला रात्री दहानंतर फोन लावून बघ."

वहिनी बाईंच्या बाजूच्या. त्या म्हणाल्या, "काकू, पण गोळी चुकली तर? साडेपाच वर्षं शिकायचं ते कशासाठी मग?"

मी दोघींच्या मधे. वहिनींचं खरं होतं. वर्षभराच्या कोर्सनं डोस कळतो, पण डोस कधी देऊ नये हे कळायला पुष्कळ पेशंट बघावे लागतात. काकूंचंही खरं होतं. गावात रात्री दार उघडणारा डॉक्टर कोण, यावर लोकांची पदवी ठरते. हा वाद कुंपणाशी मिटणारा नव्हता. कोर्टात गेलेला वाद आम्ही धुण्याबरोबर कसा वाळत घालणार?

पण वहिनींनीच पुढं जे सांगितलं, त्यानं आम्ही दोघी चाट पडलो. ते अजून गावात फारसं फुटलेलं नाही. मागं एका हॉस्पिटलात पेशंट दगावला तेव्हा नातेवाइकांचा जमाव दाराशी आला. काचा फुटायच्या बेतात. डॉक्टरांना मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा 2010 पासून आहे, पण जमावाला कायदा वाचून दाखवायला कोण थांबतंय? पोलीस यायला वेळ होता. बाईंनी ग्रुपवर एक ओळ टाकली. अर्ध्या तासात गावातले जवळजवळ सगळे डॉक्टर त्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ज्यांचं त्या हॉस्पिटलशी हाडवैर, ज्यांचे पेशंट त्या हॉस्पिटलनं पळवले असं ते चारचौघांत सांगायचे, तेही. आणि नातेवाइकांतल्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला बाकावर बसवून पाणी पाजणारे कोण होते? चौकातले होमिओपॅथी डॉक्टर. ते घर त्यांचं पिढीजात पेशंट. त्यांनीच जमाव शांत केला.

"आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर परत भांडण सुरू," वहिनी म्हणाल्या.

"ते व्हायलाच पाहिजे," काकू म्हणाल्या. "भावकी आहे ती."

मला वाटतं, काकूंनी त्या एका वाक्यात असोसिएशनचं सगळं सार सांगितलं. आपण डॉक्टरांची सेवा मोजतो ती फुकट शिबिरांवरून. किती पेशंट फुकट तपासले, किती बाटल्या रक्त गोळा झालं, पेपरात फोटो कुणाचा आला. ती सेवा आहेच. पण छोट्या गावातलं खरं काम याच्या आड होतं. सिझेरियन करायचंय आणि रात्रीचे दोन वाजलेत. भुलीच्या डॉक्टर गावात एकच. त्या स्कूटीवर स्वेटर घालून एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जातात. त्या आजारी पडल्या की जेजुरीहून कुणाला बोलवायचं, पैशाचं नंतर कसं बघायचं, हे ठरवतं कोण? तीच भावकी. एखादा डॉक्टर स्वतःच दवाखान्यात ॲडमिट झाला तर त्याचे पेशंट बघून त्यालाच परत पाठवायचे, आपल्याकडं वळवायचे नाहीत, हा अलिखित नियम पाळतं कोण? तीच. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन दर तीन वर्षांनी नवं करायचं, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्यांचा ठेका बघायचा, नव्या आलेल्या पोरसवदा डॉक्टरला सांगायचं की अमुक गोष्ट इथं झेपणार नाही, पुण्याला पाठव, उगाच धाडस करू नकोस. या कामाला शाल नाही आणि नारळही नाही. फोटो तर नाहीच.

"म्हणूनच मी म्हणते, बाईंना भार झाला," काकू म्हणाल्या. "पण त्या होत्या म्हणून ग्रुपवरची एक ओळ चालली. दुसऱ्या कुणी टाकली असती तर निम्मे म्हणाले असते, बघू."

"एक जुलैला त्यांना शाल द्यायला पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

"एक जुलै काय असतं गं नेमकं?" काकूंनी मला विचारलं. "इतकी वर्षं बघतेय, हार येतात, पेढे येतात."

मी सांगितलं, बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय, मोठे नावाजलेले डॉक्टर. 1882 मधली एक जुलै हा त्यांचा जन्मदिवस, आणि 1962 मध्ये गेले तेही एक जुलैलाच. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, खुर्चीत असतानाच गेले. मुख्यमंत्री असतानाही रोज काही पेशंट फुकट बघायचे म्हणतात. 1991 पासून त्यांच्या नावानं हा दिवस पाळतात.

"मुख्यमंत्री असून पेशंट बघायचा!" वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडं उलटं. पेशंट बघता बघता लोक नगरसेवक व्हायला बघतात."

त्या कुणाबद्दल बोलत होत्या हे आम्हा तिघींना माहीत होतं. म्हणून कुणी नाव घेतलं नाही.

विषय वारीवर आला, आणि तो येणारच होता. माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि दोन रात्री मुक्काम करते. पुण्याहून इथवरची वाट मोठी, त्यात घाटाची चढण. वारकरी येतात ते पायांना फोड घेऊन, अंगात ताप घेऊन, आणि पिशवीत बघितलं तर बीपीची गोळी घरी विसरून. असोसिएशनचा तंबू असतो. ओआरएसची पाकिटं, मलम, बँडेज, शुगर बघायची यंत्रं. तिथं एमडी, होमिओपॅथी, आयुर्वेदवाले, सगळे एका ताडपत्रीखाली. शेजारच्या टेबलावर कुठली पॅथी आहे हे वारकरी विचारत नाही. तो पाय पुढं करतो.

"यंदा रोस्टर बाईंनी केलंय," काकू म्हणाल्या. "पेठेतल्या एमडीला रात्रीची ड्युटी लावलीय, दहा ते दोन. आता फोन न उचलता कुठं जातो बघू!"

"तुम्हाला रोस्टर कुठून कळलं?"

"अगं, मीही आहे त्यात. भाकरीच्या बाजूला. यांना औषधं मोजून द्यायला बसवलंय. चाळीस वर्षं कंपाउंडर होते, बाई म्हणाल्या, नाना, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, एक सकाळी, एक रात्री. यांनी कालच नवीन पेन आणलं."

वहिनींनी लगेच पिठलं करायचं कबूल केलं. मी म्हटलं, मग मी काय करू? काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी अजून अर्जच भरलेला नाही.

"तू काही करू नकोस. भाचीला घेऊन ये. दोन दिवस सुट्टी मागायला सांग तिच्या केंद्रातून."

"ती काय करणार इथं? अजून तिचं काहीच ठरलेलं नाही."

"म्हणूनच ये म्हणते. सगळे डॉक्टर एका जागी सापडतील. भुलीच्या बाईंजवळ बसव, होमिओपॅथीवाल्यांजवळ बसव, आपल्या बाईंजवळ तर बसवच. कोण पेशंटशी कसं बोलतं, कोण रात्री दोनला चिडतं, कोण नाही, सगळं दिसेल तिला. मग शिकू दे की पुढं, पुण्यात नाहीतर मुंबईत. तुझ्या भावाला म्हणावं, तपाला बसण्याआधी देव बघून घ्यावा."

"सांगते," मी म्हटलं. "स्टेथोस्कोप घेऊन यायला सांगू ना?"

"तो आणला तर आणला. चप्पल मात्र जुनी घालून ये म्हणावं," काकू शेवटची चादर झटकत म्हणाल्या. "आपल्या बाई नव्या पोरांना पहिल्या दिवशी खुर्ची देत नाहीत. खाली बसवून वारकऱ्यांचे पाय चोळायला लावतात."